पिग्मीचा शेवटचा दिवस

पिग्मीवाले मगदूम पावतीच्या मशीनशिवाय दुकानात शिरले, तशी अनसूयाबाईंनी पुढे केलेली शंभराची नोट मागे घेतली. ब्लाउज शिवणारीला पेन्शन कोण देणार? म्हणून म्हातारपणासाठी त्या नऊ वर्षं रोज शंभर रुपये मगदूमांच्या हाती देत होत्या, आणि ते खरंच भरले का, हे दर शनिवारी पतसंस्थेत जाऊन पासबुकात बघत होत्या.

“मशीन कुठंय?”

“जमा केलं, वहिनी. साठ पूर्ण झाली. उद्यापासून दुसरा माणूस येईल.”

यात काहीतरी काळंबेरं असणार. “खरं सांगा, माझे पैसे आहेत ना जागेवर?”

“तुमचं पासबुक माझ्यापेक्षा तुम्हालाच पाठ आहे,” मगदूम हसले. “माझं म्हणाल तर शाल मिळाली, नारळ मिळाला.”

“आणि फंड?”

“कमिशनवाल्याला कसला फंड?”

“मग स्वतःची पिग्मी?”

“दोनशे जणांची गोळा करता करता ती राहूनच गेली.”

अनसूयाबाईंनी कात्री खाली ठेवली. नऊ वर्षं पाळत ठेवूनही या माणसाचा एक रुपया इकडचा तिकडे झालेला त्यांना सापडला नव्हता.

“हूक लावायला शिकाल? रोजचे दोनशे देईन. त्यातले वीस तुम्ही बाजूला टाका, वर वीस मी घालते.”

मगदूमांचं हसू मावळलं. त्यांनी डोळे बारीक केले.

“तुम्ही कशाला घालाल? यात तुमचा काय फायदा?”