शकुन जे मागते

“आजच्या दिवस तुम्ही जाऊन या,” शकुन म्हणाली.

तिचा घोटा टम्म सुजला होता. काल बाथरूममध्ये ती घसरून पडली होती आणि बालीगंजच्या त्या जुन्या इमारतीला लिफ्ट नव्हती.

“मी? देवळात?” दत्तात्रयांनी पेपरातून मानही वर केली नाही. “पोराच्या अंगातला एकेक स्नायू मारला जिनं, तिला नमस्कार करायला?”

“नमस्कार नका करू. नुसतं सांगून या.”

अजेय आतल्या खोलीत पडून होता. एकतिसाव्या वर्षी जेवताना हातातून चमचा गळायला लागला, तिथून सगळं सुरू झालं. आधी हात गेले, मग पाय, मग वाचा. बुद्धीला मात्र आजाराने धक्काही लावला नव्हता. छताकडे बघत तो सगळं ऐकायचा, सगळं समजायचा. गिळता येईना म्हणून पोटात नळी घातली होती. छातीतला कफ मशीनने ओढून काढताना त्याचे डोळे जसे व्हायचे, ते बघवायचं नाही म्हणून दत्तात्रय गॅलरीत जाऊन उभे राहायचे. शकुन त्याचा हात धरून बसायची.

बँकेच्या बदलीवर कोलकात्याला आले, तेव्हा देवघर दत्तात्रयांनीच साताऱ्याहून सांभाळून आणलं होतं. आता ते त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. शकुन मात्र रोज सकाळी गल्लीच्या टोकाला कालीच्या देवळात जायची. परत आली की अजेयच्या कपाळाला जास्वंदीचं फूल लावायची आणि म्हणायची, “मागून आले रे.” मग त्याची नजर जरा निवायची. कशाला पोराला खोटी आशा लावते, असं दत्तात्रयांना वाटायचं.

आज अजेयची नजर सारखी दाराकडे जात होती.

“वाट बघतोय तो,” शकुन म्हणाली. “माझ्यासाठी नका जाऊ. त्याच्यासाठी जा.”

“आणि सांगू काय?”

“म्हणा, शकुन जे मागते, ते दे.”

“एवढंच?”

“एवढंच. पण मनापासून म्हणा.”

देवळात पुजाऱ्याने विचारलं, “दीदी आज नहीं आया?” दत्तात्रयांनी नुसती मान हलवली. ते भांडायलाच आले होते. याच्याऐवजी मला का नाही, हे तिच्या तोंडावर विचारायचं होतं. मूर्तीसमोर उभे राहिले आणि त्यांना मशीन लावतानाचे अजेयचे डोळे दिसले. कठड्याला धरून ते खाली बसले आणि हुंदके देऊन रडू लागले.

“माझा राग सोडला,” ते म्हणाले. “शकुन जे मागते, ते दे. आजच दे.”

घरी येऊन ते अजेयवर वाकले. “मागून आलो रे. आई मागते तेच.”

अजेयने बापाकडे बराच वेळ पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. दत्तात्रयांनी ते अंगठ्याने पुसलं. कित्येक महिन्यांनी त्यांना मोकळं वाटत होतं. जेवताना त्यांनी भात पुन्हा मागून घेतला. “उद्यापासून मीच जात जाईन,” ते शकुनला म्हणाले.

दुपारच्या चहाच्या वेळी मीना, अजेयचं सगळं करणारी आया, रडत बाहेर आली.

तळमजल्यावरचे डॉक्टर धावत वर आले. त्यांनी तपासलं, पुन्हा तपासलं आणि कानातल्या नळ्या काढल्या. “झोपेतच श्वास थांबलाय,” ते म्हणाले.

डॉक्टर गेल्यावर दत्तात्रयांनी भिंतीवर मूठ आपटली. “एकदा! इतक्या वर्षांत एकदाच मागितलं मी! ऐकलं नाही तिनं!”

शकुन लंगडत लेकाजवळ जाऊन बसली. त्याच्या पापण्यांवरून तिने हात फिरवला. ती रडत नव्हती.

“ऐकलं,” ती म्हणाली. “माझं ऐकत नव्हती, तुमचं ऐकलं. वाचा जायच्या आधी अजेयनं जे मागायला सांगितलं होतं, तेच मी रोज मागत होते.”