दुसऱ्या माणसाची मंजुरी

दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून मृण्मयीनं सॉफ्टवेअरमधली चूक दुरुस्त केली, तरी पडद्यावरची ओळ हटेना: ‘दुसऱ्या माणसाची मंजुरी बाकी.’

आकार मोजणारी ही फुकट, सर्वांना खुली सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, ऑपरेशनचं प्रत्येक यंत्र वापरायचं. तिच्यातली दुरुस्ती दुसऱ्या एखाद्या माणसानं समजून घेऊन होकार दिल्याशिवाय लागूच होत नसे. यंत्रांचे होकार ढिगानं आले. माणूस मात्र मिळेना. लेकीचं ऑपरेशन थांबवलं तर पोर जाणार, चुकीच्या मापानं कापलं तरी जाणार.

“मग मी कोण आहे?” नवरा कळवळून म्हणाला. “इंजिनिअर आहे मी. वीस वर्षं यंत्रांकडून पूल बांधून घेतोय. समजाव मला.”

“हे बघ श्रीरंग, इथला हा कोन चुकत होता.”

श्रीरंग डोळे फाडून पडद्याकडे बघत राहिला.

“मृणू,” त्यानं हळूच विचारलं, “कोन म्हणजे काय गं?”