उलटा वाकलेला पाय

मेणाचा सारस नाचायच्या बेतात होता, आणि त्याचा उचललेला डावा पाय उलटा वाकला होता.

मदतनीस जगदीशने मातीचा लेप कालवून ठेवला होता. आज पहिला थर द्यायचा होता. लेप वाळला, भट्टीत मेण वितळून गेलं, की त्या पोकळीत ब्राँझ ओतायचं आणि मग जो पाय आहे तो पाय. म्हणून त्याने बादली बाजूला सारली आणि घरात जाऊन बेबीबाईंना शेडमध्ये बोलावून आणलं.

"भाभी, ज़रा टाँग देखिए. दादा से हमसे तो कहा नहीं जाएगा."

बेबीबाईंनी पाहिलं. त्यासाठी शिल्पकला कळायची गरज नव्हती. पक्ष्याच्या पायात मध्यावर दिसतो तो गुडघा नव्हे, घोटा. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो, म्हणून त्या सांध्याचं टोक मागे असतं, पुढे नाही. हे ज्ञान नवऱ्याने, दयारामांनी, त्यांना चाळीस वर्षं जेवताना, प्रवासात आणि पाहुण्यांच्या देखत पाजलं होतं. लखनौच्या गोमती नगरातल्या एका बागेत दुसऱ्या कोणाचा तरी बगळा बसवला, तेव्हा भर मांडवात दयाराम म्हणाले होते, "ये बगुला है या सीढ़ी चढ़ता हुआ बाबू?" त्यानंतर दोन वर्षं त्यांना कुठल्याच उद्घाटनाचं बोलावणं आलं नाही.

आता त्यांचाच सारस जिना चढत होता.

गोंदियाकडचा हा माणूस लखनौला सरकारी कारखान्यात ओतकामाला आला आणि सुट्टीच्या दिवशी जनावरं ओतू लागला. आजवर त्रेपन्न झाली. पैकी वाघ एकोणीस, कारण साहेब लोकांना बंगल्यासमोर वाघच लागतो. साहेबाची बदली होते, वाघ तिथंच राहतो आणि नव्या साहेबाचा नोकर त्याच्या पाठीवर टॉवेल वाळत घालतो. मगरी दोन, त्याही एकाच हौशी डॉक्टरकडे. सारस मात्र दयाराम कोणी न मागता करत. हा सातवा.

"मोम ही तो है," जगदीश हळूच म्हणाला. "आप कहें तो गरम करके मोड़ दें. दादा को पता भी नहीं चलेगा."

बेबीबाईंनी तो पाय पुन्हा एकदा बघितला. जगदीशने तीस वर्षं माती कालवली, भट्टी पेटवली, पण आकाराला दयारामांशिवाय कोणाचा हात लागलेला नव्हता. आज लागला तर सारस नीट होईल आणि खालचं नाव अर्धं खोटं होईल. न लावावा, तर ज्या चुकीवरून या माणसाने गावभर लोकांना सोललं, तीच चूक त्याच्या नावावर कायमची उभी राहील. आणि दयारामांनाच सांगावं, तर मग बाकीचंही सांगावं लागेल. पिठाच्या डब्यात सापडलेल्या चाव्यांचं. स्नेहलला, पोटच्या पोरीला, फोनवर "आप कौन?" विचारल्याचं. बेबीबाई सगळ्यांना सांगत, "चष्म्याचा नंबर वाढलाय." सहा महिन्यांत चष्मा दोनदा बदलून झाला होता.

"मोड़ दो," त्या म्हणाल्या.

जगदीशने शेगडी पेटवून सुरी तापवली, तेवढ्यात दयाराम आत आले. आंघोळ केलेली, भांग काढलेला. ते सारसाभोवती एक फेरी मारून थांबले.

"हे कोणं केलं?"

जगदीश बादलीत बघू लागला. बेबीबाई नजर चुकवत नव्हत्या, नवऱ्याच्या डोळ्यांत शोधत होत्या. तिथं खरोखरच फक्त प्रश्न होता.

"एक नवीन माणूस आहे," त्या म्हणाल्या. "शिकतोय."

"चुकला की."

आता बाबू येणार, जिना येणार, म्हणून दोघंही वाट बघत राहिले. काहीच आलं नाही. दयारामांनी जगदीशच्या हातातली सुरी घेतली, स्टूल ओढलं आणि सांधा कापला. हात एकदाही अडखळला नाही. अर्ध्या तासात घोटा जागेवर गेला, पाऊल पुढे आलं आणि पक्षी खरोखरच नाचायला लागल्यासारखा दिसू लागला.

दयाराम लांब जाऊन बघत राहिले.

"मान बाकी झकास काढली गड्यानं," ते म्हणाले. "मला नसती जमली."

आयुष्यात त्यांनी दुसऱ्याच्या कामाला चांगलं म्हटलेलं बेबीबाईंनी प्रथमच ऐकलं. मग दयारामांनी फळीवरचा खिळा घेतला, ज्याने ते स्वतःचं नाव कोरत, आणि तो बायकोच्या हातात दिला.

"त्याचं नाव टाक खाली. मी काय, पाय तेवढा नीट केला. काय नाव त्याचं?"

बेबीबाईंनी खिळा बोटांत फिरवला.

"दयाराम."

"काय सांगतेस!" ते खुश झाले. "कुठला?"

"आपल्या गोंदियाकडचाच."

"तरीच!"

त्या वाकल्या आणि मेणात नाव कोरू लागल्या. अक्षर नवऱ्यासारखं जमेना. दयाराम शेजारी उभे राहून एकेक अक्षर पुरं होताना बघत होते.

"त्याला पाठव माझ्याकडं," ते म्हणाले. "शिकवीन."

"कधी पाठवू?"

"सकाळीच ये म्हणावं. दुपारनंतर मला काही सुचत नाही आताशा."