गाडी लावायची जागा

"इथंच लाव," बाबा म्हणाले, आणि मार्लानं वळून त्यांच्याकडे पाहिलं.

दफनभूमीच्या कुंपणालगतची ही जागा गावात सगळ्यांना ठाऊक होती. ठाऊक व्हावी म्हणूनच होती. चाळीस वर्षं दर वसंतात बाबा आपली पिकअप इथं उभी करत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांत भरेल अशी, आणि मग ओढ्याच्या पात्रातून वाकत वाकत भलतीकडेच निघून जात. तासाभरानं परत येत ते कांद्याची जाळीची पिशवी अळंबीनं भरून. कुठून, ते त्यांनी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. ती जाईपर्यंत नाही.

आज सांगणार होते. सकाळी अंडं खाताखाता आपणहून म्हणाले होते, "चल, पोरी, तुला जागा दाखवतो. नाहीतर माझ्याबरोबरच जायची." उद्या सकाळी त्यांना वृद्धाश्रमात पोचवायचं होतं. सुटकेस भरून दाराशी ठेवली होती. ती कुणाची, हे त्यांनी तीनदा विचारलं होतं.

मार्लानं गाडी लावली. डोकं विसरलं तरी पाय विसरत नाहीत, तिनं मनाशी म्हटलं. पाय वळतील ओढ्याकडे.

बाबा उतरले. रिकामी जाळी त्यांनी मनगटाला गुंडाळली. प्लास्टिकची पिशवी त्यांना कधी चालली नाही. जाळीतून अळंबीचं बी गळत राहतं, रानाचं रानाला परत जातं, असं ते म्हणत. ओकची पानं खारीच्या कानाएवढी झाली होती. रात्रीच्या पावसानं माती मऊ होती आणि ऊन कोवळं. अळंबी उगवायचा दिवस नेमका हाच होता.

ओढ्याकाठी ते क्षणभर थांबले. मार्ला त्यांच्या मागे थांबली. मग ते वळले आणि सरळ समोरच्या झाडीत शिरले, जिथं चाळीस वर्षांत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"वाक जरा," ते आतून ओरडले. "ताठ माणसाला ती दिसत नाही."

"वाकतेय, बाबा."

वाकली की कमरेतून कळ यायची. आठवडाभर तिला सलग झोप नव्हती. बाबा अपरात्री उठून बूट चढवत आणि दाराची कडी शोधत. ती पाचोळा बाजूला करत राहिली. गेल्या वर्षीची ओकची फळं, बियरचा गंजका डबा, एक शिंपलीएवढी गोगलगाय. अळंबी नाही. शेवटी ती एका पडक्या खोडावर बसली. ऊन तोंडावर आलं. कुणीतरी कपाळावर हात ठेवावा तसं ते ऊन होतं. असंच बसून राहावं, तिला वाटलं, कुणी काही मागू नये, कुणी काही विचारू नये.

बाबा मात्र झाडामागून झाड बघत होते, गुडघ्यांवर, मनापासून.

"बाबा, ओढ्याच्या अंगानं जाऊन बघू या का?"

"ओढ्यात काय आहे? बेडूक?"

रस्त्यावर भोंगा वाजला. व्हर्जिलची गाडी होती. शेजारच्या शेतावरचा हा म्हातारा बाबांची जागा हुडकता हुडकताच म्हातारा झाला होता. त्यानं काच खाली केली.

"काय एल्डन! लागलं का काही हाताला?"

बाबा चिखलाच्या गुडघ्यांनी बाहेर आले. त्यांनी जाळी वर धरून झटकली. "एक नाही रे. इथं काही उगवत नाही."

तेच वाक्य, त्याच चालीत.

"हो, हो. दर वर्षी हेच ऐकतोय. मार्ला, तू तरी खरं बोल."

"खरंच नाही, काका."

"बापाची लेक शोभतेस!" व्हर्जिल खदाखदा हसला.

चाळीस वर्षं खोटं होतं ते आज पहिल्यांदा खरं झालं होतं, आणि आजही त्याला ते पटलं नव्हतं. मार्लानं बाबांना हात देऊन गाडीत बसवलं, त्यांचा पट्टा लावला, आणि तसंच स्टिअरिंग धरून क्षणभर बसून राहिली. मग निघाली.

पन्नास पावलं गेली असतील. बाबांचे खांदे हलू लागले. रडताहेत असं वाटून तिनं पाहिलं, तर ते बाजूच्या आरशात बघून हसत होते. आरशात व्हर्जिल गाडीतून उतरून, इकडंतिकडं बघत, त्याच झाडीत शिरत होता.

"बघ, बघ, शिरला गाढव! आता संध्याकाळपर्यंत हुंगत बसेल." बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तिथं काय ठेवलंय! ती तर नुसती गाडी लावायची जागा."

मार्लाचा पाय ब्रेकवर गेला. गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली.

"मग खरी कुठंय, बाबा?" तिनं विचारलं. हळू विचारलं, फांदीवरचं पाखरू उडू नये तसं.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग मागं पाहिलं. मग आपल्या बाजूची काच वर घेतली, अगदी शेवटपर्यंत.

"हळू बोल," ते म्हणाले. "व्हर्जिल ऐकेल."

मार्लानं इंजिन बंद केलं आणि कान त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांचा श्वास तिच्या कानाला लागत होता, ऊबदार, एकसारखा. काचेपलीकडे ओढ्यात बेडूक ओरडत होते.