बसून करायचं काम

“काय म्हणून राहिली वं ते?” देवरावानं पोरीच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं.

टेबलापलीकडची काउन्सेलर ऐश्वर्या थांबली. ‘ग्लोबल करिअर’, ‘क्रिएटिव्ह इंडस्ट्री’, ‘हंड्रेड पर्सेंट प्लेसमेंट असिस्टन्स’ हे रोजचं पाठांतर निम्म्यावर आलं होतं. ते ऐकून लोक मान डोलवत. या हिंदी शहरात मराठीतून शंका काढणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं.

“तुम्ही मराठी हाव का, काका?”

“हो जी. मूळचे गोंदियाकडले. आता इथंच रुआबांध्याले रायतो.” देवराव एकदम सैल झाला. “बरं झालं बाई, घरचंच माणूस भेटलं. ही माही पोरगी, नीतू. चित्रं लय भारी काढते. कम्प्युटरवर चित्रं हालवाचं शिकतो म्हणते. इथं शिकून नोकरी लागन का, तूच सांग आता.”

ऐश्वर्यानं मागं वळून पाहिलं. सर केबिनमध्ये होते आणि दार उघडं होतं. अ‍ॅनिमेशनचं हे इन्स्टिट्यूट त्यांच्याच मालकीचं. ते कोलकात्याचे, मराठीचं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं. चेहरे मात्र बरोबर कळत. काउन्सेलरचं हसू ढळलं की संध्याकाळी तासभर लेक्चर ठरलेलं.

म्हणून ती आधी हसली. ब्रोशर उघडून त्यातल्या उडत्या घोड्यावर तिनं बोट ठेवलं आणि म्हणाली, “काका, इथं नका टाकू तिले.”

“कावून?”

“असेच घोड्याकडे पाहत रहा. मागं सर हायेत. मी इथंच शिकली, काका. शिकवणारे मास्तर मधातच सोडून गेले. माझ्यासोबतचा एक पोट्टा फ्लेक्सच्या दुकानात नेत्याइच्या वाढदिवसाचे बॅनर बनवते. एक जण लग्नाचे अल्बम करते. बाकीचे घरी बसले. अन आता तं नुसतं सांगितलं की कम्प्युटर सोताच चित्र काढून देते. हिच्या हाताले कोण विचारन?”

हे सगळं ती गोड हसत, माना वेळावत बोलली. दोन वर्षांच्या कोर्समध्ये तिला पक्कं आलेलं तेवढंच.

देवराव तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. नीतूला सारं कळत होतं. मग तिनं हिंदीत विचारलं, “दीदी, आप भी ड्रॉइंग करते थे?”

“हाँ,” ऐश्वर्या म्हणाली. हिंदीत याहून जास्त बोलायची सोय नव्हती.

“मंग तू काय करून राहिली इथं?” देवरावानं विचारलं.

“हेच. तुमच्यासारख्याइले बसवते अन समजावते. दुसरं काही भेटलंच नाही म्हणून हे धरलं.”

“उभं रावा लागते?”

“नाही.”

“रातपाळी?”

“नाही जी.”

“हे थंडं दिवसभर चालते?”

ती गोंधळली. तिनं वर एसीकडे पाहिलं. “चालते.”

देवरावानं दोन्ही हात टेबलावर ठेवले. कोपरापर्यंत ठिणग्यांचे जुने डाग होते. “ठेकेदाराकडं सारी जिंदगी लोखंडाच्या भट्टीपुढं काढली, बाई. टेकाले जागा नाही. माह्या पोरीले तुह्यासारखी खुर्ची भेटली, गळ्यात असं कार्ड आलं, तं मले आणखी काय पायजे?”

“काका, पगार काहीच नाही. अन हे काम नाही. मी लोकाइले फसवून राहिली.”

“मले कुठं फसवलं? सारं तं सांगितलं.” तो मनापासून हसला. “घरचं माणूस असं असते. आता भेव नाही. आजच नाव टाकतो.”

ऐश्वर्याला त्याचा संताप आला. मग त्या डागांकडे लक्ष गेलं आणि संतापही धड करता येईना. ब्रोशर मिटायचंही तिला सुचलं नाही.

देवरावाचं हसू पाहून सर केबिनमधून आलेच. त्यांनी देवरावाचा हात हातात घेतला, ‘दादा, दादा’ करत त्याला ऑफिस दाखवलं, संगणकाला हात लावून पाहू दिला. परत येऊन ऐश्वर्याला म्हणाले, “मराठी में तुम कितना अच्छा समझाती हो! अब से सब मराठी फैमिली तुम ही देखना. अगले महीने तुमको सीनियर काउन्सेलर करते हैं.”

निघताना देवरावानं पोरीला पुढं केलं. “दीदीच्या पाया पड. तिनं समजावलं नसतं तं माहं मन धजत नव्हतं.”

नीतू वाकली. ऐश्वर्यानं पाय मागं घेतले, पण मागं भिंत होती. पोरगी तशीच वाकून राहिली. घराबाहेर हिंदीच बोलणारी ती पोर आता मराठीत, बापालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलली, “दीदी, मले नाही शिकायचं इथं. बाबाले सांगा ना. तुमचं ऐकतीन ते.”

“क्या बोल रही है बच्ची?” तिला पुटपुटताना पाहून सरांनी कौतुकानं विचारलं.

“पूछ रही है,” ऐश्वर्या म्हणाली, “क्लास कब से है.”