सगळ्या खपल्या पडल्या की

आमच्या पाच वर्षांच्या भिंगरीला कांजिण्या आल्या, त्याही नेमक्या तिच्या बाबाची केमो चालू असताना. "पोरीचा वारासुद्धा त्यांना लागू देऊ नका," डॉक्टरांनी बजावलं. मग बाहेरच्या खोलीत आत्या तिला सांभाळायची, आतल्या खोलीत मी त्याला, आणि मध्ये बंद दार.

"सगळ्या खपल्या पडल्या की बाबाच्या कुशीत झोपायचं," असं मी तिला कबूल केलं होतं. खाजवू नये म्हणून तिच्या हातांवर पायमोजे चढवले होते. रोज ती दाराला तोंड लावून ओरडायची, "बाबा, आता पोटावरच्याच राहिल्या!" आतून तो कसाबसा "हूं" म्हणायचा. काल त्याच्याच्याने तेवढंही झालं नाही, तर बाईसाहेबांना वाटलं, बाबा रुसला.

आज सकाळी मी दार उघडलं, तर ही समोर उभी. मोजे जमिनीवर, नखांत रक्त, फ्रॉकवर लाल ठिपके आणि चेहरा नुसता फुललेला.

"आई, मी सगळ्या काढून टाकल्या! एकपण नाही राहिली. आता जाऊ?"



मी दारातून बाजूला झाले. आता तिच्यापासून बाबाला कसलाच धोका उरला नव्हता.