एका दिवसाची मनाई

अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या एका इस्पितळात सोमालियाहून आलेली उबाह रोज यायची. आपल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या काचेच्या पेटीशेजारी हात मांडीवर ठेवून बसायची आणि संध्याकाळी निघून जायची. फायलीत नोंद झाली, 'आईला बाळाची ओढ नाही.' बाळ तिच्या ताब्यात द्यावं की नाही, यावर बैठकही ठरली.

त्याच आठवड्यात सगल रुजू झाली. नवजात बाळांच्या विभागातली पहिली सोमाली नर्स. "दुभाषी फोनवर मिळतो की," असं म्हणत मुख्य नर्स लिंडाने तिच्या नेमणुकीला नाक मुरडलं होतं.

सगल उबाहजवळ बसली. "ताई, बाळाला जवळ का घेत नाहीस गं?"

आपली भाषा ऐकून उबाह दचकली. "घेऊ देतात?"

"म्हणजे?"

"पहिल्या दिवशी मी हात पुढे केला, तर त्या मोठ्या बाईंनी तो धरून मागे सारला."

"मग दुभाष्याला विचारायचंस ना!"

"तो औषधांचं सांगतो आणि फोन ठेवतो."

सगलने लिंडाला विचारलं. लिंडाने फाईल उघडून पाहिली.

"तेव्हा त्याची कातडी फार नाजूक होती," ती म्हणाली. "फक्त त्या दिवसापुरतं थांबवलं होतं."

सगलने बाळ उचलून उबाहच्या छातीवर ठेवलं. तो बाळाचा एकेचाळिसावा दिवस होता.